अकरा गावे, दोन मुलूख: लिख्टेनश्टाइनची विभागणी

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामधल्या लिख्टेनश्टाइनच्या १९२१ सालच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात गावांची यादी आहे. हे राज्य दोन मुलूख आणि अकरा गावे मिळून बनलेले आहे, असे ते कलम सांगते आणि मग गावे एकेक करून मोजते. फाडुट्स, बाल्त्सर्स, प्लांकन, शान, ट्रीझन आणि ट्रीझनबेर्ग ही वरच्या मुलखातली, म्हणजे ओबरलांडमधली सहा. एशन, गाम्प्रिन, माउरन, रुगेल आणि शेलेनबेर्ग ही खालच्या मुलखातली, म्हणजे उंटरलांडमधली पाच. देशाचे क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर आणि वस्ती सुमारे ४०,००० आहे. आपल्याकडच्या बहुतेक तालुक्यांहून लहान असलेल्या या देशाची पुन्हा विभागणी करण्याची गरज कोणाला आणि का पडली असावी, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडत असे. छोट्या देशांचे नकाशे न्याहाळण्याचा नाद असलेल्या माणसाला असले प्रश्न पडतातच.

खरे तर या देशाची विभागणी कोणी केलीच नाही. तुकडे आधी होते, देश नंतर झाला. ऱ्हाइन नदीच्या उजव्या तीरावर शेलेनबेर्गची जहागीर आणि फाडुट्सची काउंटी अशा दोन वेगळ्या जागा होत्या आणि त्या होहेनएम्स घराण्यातील काउंटांच्या ताब्यात होत्या. हे घराणे कर्जात बुडाले. त्याच सुमारास व्हिएन्नाच्या दरबारातील अतिशय श्रीमंत अशा लिख्टेनश्टाइन घराण्याला पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत राजांच्या रांगेत बसण्याचा मान हवा होता. त्यासाठी थेट सम्राटाच्या अखत्यारीतील जमीन लागे, आणि या घराण्याची अफाट जमीन दुसऱ्यांच्या अखत्यारीत होती. म्हणून योहान आडाम आंद्रेआस या राजाने १६९९ साली शेलेनबेर्ग १,१५,००० गुल्डनला आणि १७१२ साली फाडुट्स २,९०,००० गुल्डनला विकत घेतले. २३ जानेवारी १७१९ रोजी सम्राट सहाव्या कार्लने दोन्ही जोडून त्यांचे एक संस्थान केले आणि त्याला त्या घराण्याचे नाव दिले. ज्यांच्या नावाने हा देश ओळखला जातो त्या घराण्यातील एकही राज्यकर्ता १८४२ पर्यंत येथे फिरकला नव्हता, आणि कायमचा राहायला आला तो १९३८ साली. मालकाला इथल्या मातीपेक्षा तिच्यामुळे मिळणाऱ्या खुर्चीचे अगत्य अधिक होते, असे म्हटले तर फारसे वावगे ठरू नये.

आजचे उंटरलांड म्हणजे ती शेलेनबेर्गची जहागीर आणि ओबरलांड म्हणजे फाडुट्सची काउंटी. दोन्ही खरेद्यांमध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे आणि उंटरलांडचे लोक ते विसरलेले नाहीत. गाम्प्रिन गावाच्या हद्दीत बेंडर्न नावाची वस्ती आहे. तिथल्या चर्चच्या टेकडीवर १६ मार्च १६९९ रोजी खालच्या मुलखातील पुरुष जमले आणि त्यांनी नव्या मालकाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. वरच्या मुलखाने ती शपथ घेतली १७१२ साली. राजधानी फाडुट्सला असली, राजाचा किल्ला तिथेच असला आणि मंत्रालये व संसदही तिथेच असली, तरी थोरलेपणाचा मान आपला, असे उंटरलांडच्या माणसाला इतिहासाच्या आधाराने म्हणता येते.

गंमत अशी की या दोन मुलखांना प्रशासन म्हणून काहीही नाही. ओबरलांडला जिल्हाधिकारी नाही, उंटरलांडला जिल्हा परिषद नाही. दोघांना स्वतःचे अंदाजपत्रक नाही, कर बसवण्याचा अधिकार नाही. पूर्वी प्रत्येक मुलखाचा स्वतःचा, लोकांनी निवडलेला प्रमुख असे. त्याला लांडआमान म्हणत. राजाच्या १८०८ सालच्या हुकमाने ती व्यवस्था मोडीत निघाली आणि कारभार फाडुट्सच्या अधिकाऱ्यांच्या हाती एकवटला. युरोपीय आकडेवारीसाठी सर्व देशांचे मोठ्या, मधल्या आणि लहान अशा तीन पातळ्यांवरील प्रदेश पाडले जातात. तिथे तिन्ही पातळ्यांवर अख्खे लिख्टेनश्टाइन हा एकच प्रदेश आहे. मग हे मुलूख जिवंत राहिले आहेत कुठे? ते राहिले आहेत गणितात.

संसदेत २५ जागा आहेत. त्यांपैकी १५ ओबरलांडच्या आणि १० उंटरलांडच्या. पूर्वी संसद १५ जणांची होती तेव्हा वाटणी ९ आणि ६ अशी होती. १९८९ सालच्या निवडणुकीपासून सभासद वाढले, पण तीनास दोन हे प्रमाण जसेच्या तसे ठेवले गेले. मतदारसंघही हे दोनच. वरच्या मुलखातील मतदाराला पंधरा मते असतात आणि खालच्या मुलखातील मतदाराला दहा. पक्षाची छापील यादी उचलून तिच्यातले नको ते नाव खोडण्याची आणि त्या जागी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचे नाव लिहिण्याची मोकळीक त्याला आहे. जिथे उमेदवार आपल्या शाळेतला, आपल्या बँडपथकातला किंवा आपल्याच भाऊबंदांपैकी असण्याचा संभव असतो, तिथे पक्षाच्या शिस्तीपेक्षा ही खोडाखोडी अधिक बोलकी ठरत असणार. मंत्रिमंडळ पाच जणांचे असते, आणि त्यात प्रत्येक मुलखाचे किमान दोघे असले पाहिजेत असे राज्यघटनेचे बंधन आहे. म्हणजे पंतप्रधानाला सहकारी निवडताना लायकी आणि पक्ष यांच्याबरोबर राहते गावही पाहावे लागते.

हे प्रमाण आज काटेकोर नाही. उंटरलांडमध्ये देशाच्या लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक लोक राहतात, आणि संसदेतील दोन-पंचमांश जागा त्यांच्या आहेत. ओबरलांडच्या एखाद्या मतदाराने याबद्दल कुरकूर केली तर ती अगदीच गैर म्हणता येणार नाही. तरीही मला ही वाटणी योग्य वाटते. क्षेत्रफळाने उंटरलांड सुमारे ३५ चौरस किलोमीटर, ओबरलांड त्याच्या साडेतीन पटींहून मोठे. राजधानी, राजवाडा आणि मोठ्या बँका सगळे वरच्याच मुलखात. अशा वेळी धाकट्या भागाला एखादी जागा अधिक देणे ही एकत्र नांदण्याची किंमत आहे, आणि ती काही फार मोठी नाही.

मुलखांकडे अधिकार नाहीत, कारण ते सगळे गावांकडे आहेत. प्रत्येक गावाला थेट निवडून आलेला गावप्रमुख असतो. त्याला फोर्श्टेहर म्हणतात, आणि फाडुट्सला मात्र नगराध्यक्षाचा किताब आहे. त्याच्या जोडीला चार वर्षांसाठी निवडलेले गावमंडळ असते. बालवाड्या आणि प्राथमिक शाळा, पाणी, रस्ते, बांधकामाचे नियोजन, रान आणि कुरणे ही त्यांची कामे. आयकराच्या बाबतीत देशाच्या करावर किती टक्के भर घालायची हे गाव आपल्यापुरते ठरवते, त्यामुळे दोन शेजारी गावांत समान पगाराच्या माणसांना वेगवेगळा कर पडू शकतो.

राज्यघटना गावाला याहून बरेच पुढे नेते. एखाद्या कायद्यावर सार्वमत मागायचे असेल तर १,००० मतदारांच्या सह्या लागतात, किंवा तीन गावांच्या गावसभांचे ठराव. घटनादुरुस्तीच्या बाबतीत हाच आकडा १,५०० सह्या किंवा चार गावे असा आहे. संसद बोलावण्यासाठी आणि बरखास्तीचा प्रश्न लोकांपुढे नेण्यासाठीही असेच पर्याय आहेत. आता शेलेनबेर्गची वस्ती हजाराच्या थोडी वर आहे, गाम्प्रिनची दोन हजारांच्या आत, आणि प्लांकनमध्ये तर पाचशेही लोक नाहीत. ही तीन गावे एकत्र आली तर ती सबंध देशाला मतपेटीपाशी आणू शकतात. जिथे गावाकडे केवळ तळची पायरी म्हणून पाहिले जाते, तिथे असा अधिकार कोणी लिहून देणार नाही.

नागरिकत्वाचेही तसेच. देशाचा नागरिक होण्यासाठी एखाद्या गावाचा नागरिक व्हावे लागते, आणि नागरिकत्व देण्याचा गावाचा हक्क राज्यघटनेच्या ११०व्या कलमात नोंदलेला आहे. बाहेरून आलेल्या माणसाने नेहमीच्या मार्गाने अर्ज केला तर त्या गावचे नागरिक त्याच्यावर मतदान करतात. गुप्त मतदानात कोण काय म्हणाले ते कळत नाही आणि नकाराचे कारण कोणी देत नाही. दुसरा मार्ग तीस वर्षांच्या वास्तव्याचा आहे. त्यात वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची वर्षे दुप्पट धरली जातात, आणि गावच्या मतदानाची गरज पडत नाही. देशात राहणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक परदेशी नागरिक आहेत हे लक्षात घेतले, म्हणजे हा दरवाजा किती अरुंद आहे ते समजते. गावाच्या स्वायत्ततेचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे मला पटत नाही.

स्त्रियांच्या मताधिकाराची कथा याहून कडू आहे. १९७६ साली गावांना आपापल्या निवडणुकांत स्त्रियांना मताधिकार देण्याची मुभा मिळाली. फाडुट्सने ती त्याच वर्षी वापरली, बाकीची गावे आपापल्या सवडीने त्यामागून आली. देशपातळीवरचा मताधिकार पुरुष मतदारांनी आधी नाकारला होता आणि अखेर जुलै १९८४ मध्ये ५१.३ टक्के मतांनी, म्हणजे जेमतेम मंजूर केला. पण सगळी गावे या रांगेत येऊन उभी राहायला १९८६ साल उजाडले. मधल्या काळात काही गावांतील स्त्रियांना संसदेसाठी मताधिकार होता आणि स्वतःच्या गावमंडळासाठी नव्हता. निर्णय लोकांच्या जितका जवळ तितका तो चांगला, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

या देशाचा गावनिहाय नकाशा मोठा करून पाहिला तर आधी तो छापताना बिघडला आहे असे वाटते. ऱ्हाइनकाठच्या सपाटीत हद्दी बऱ्यापैकी सरळ आहेत, पण पूर्वेकडे डोंगर चढू लागलो की फाडुट्सचा एक तुकडा इथे, दुसरा पलीकडच्या खोऱ्यात, मध्येच शानची पट्टी, तिच्या कडेला प्लांकनचे एखादे कुरण अशी सरमिसळ दिसते. प्लांकनसारख्या चिमुकल्या गावाचीही जमीन अनेक ठिकाणी विखुरलेली आहे. याचे कारण गुरांच्या चराईत आहे. फाडुट्स, शान आणि प्लांकन यांची जंगले, दलदलीतील गवताची राने आणि उंचावरची उन्हाळी कुरणे पूर्वी सामाईक होती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत त्यांची वाटणी झाली तेव्हा प्रत्येकाला थोडे रान, थोडी दलदल आणि थोडे कुरण आले, आणि पुढे मालकीच्या त्याच रेषा गावांच्या हद्दी झाल्या. ट्रीझनबेर्गचे प्रकरण निराळे आहे. सुमारे १३०० साली आजच्या स्वित्झर्लंडमधील वालिस प्रांतातून आलेले वाल्झर लोक तिथल्या उतारावर वसले. त्यांची बोली आजही खालच्या गावांहून वेगळी ओळखू येते, आणि क्षेत्रफळाने देशातले सर्वांत मोठे गाव त्यांचेच आहे; मालबुन हे बर्फावरच्या खेळांचे ठिकाणही त्यांच्याच हद्दीत मोडते.

या हद्दी बदलणे सोपे नाही. राज्यघटनेच्या चौथ्या कलमानुसार दोन गावे एकत्र करायची, नवे गाव काढायचे किंवा हद्द सरकवायची तर नुसता कायदा पुरत नाही. त्या त्या गावच्या नागरिकांचे बहुमतही लागते. २००३ साली राजे हान्स-आडाम दुसरे यांनी पुढे केलेल्या घटनादुरुस्तीला सुमारे ६४ टक्के मतदारांनी मान्यता दिली. राजाच्या अधिकारांवरून त्या वेळी देशात बराच वाद माजला होता, आणि त्या गदारोळात याच कलमात एक अजब वाक्य आले: कोणत्याही गावाला देशातून बाहेर पडण्याचा हक्क आहे. प्रक्रिया सुरू करण्यासाठी गावच्या नागरिकांचे बहुमत हवे, पुढचे कायद्याने किंवा आंतरराष्ट्रीय कराराने ठरायचे, आणि करार झाल्यास वाटाघाटींनंतर गावाने पुन्हा एकदा मत द्यायचे. आजवर एकाही गावाने ही वाट धरलेली नाही. साडेतीन चौरस किलोमीटरचे शेलेनबेर्ग स्वतंत्र होऊन काय करील हा विनोदाचा विषय आहे हे खरे. परंतु विकत घेतलेल्या मुलखाच्या वारसाने गावांना निघून जाण्याची मुभा लेखी द्यावी, हे त्या जुन्या खरेदीखताच्या अगदी उलट टोकाचे आहे.

चाळीस हजार माणसांसाठी अकरा गावमंडळे ही उधळपट्टी नव्हे काय, असे कोणीही विचारील. एस्टोनियाने २०१७ साली आपल्या २१३ स्थानिक संस्थांच्या ७९ केल्या आणि गावाला साधारण ५,००० वस्तीची किमान अट घातली. ती अट इथे लावली तर अकरापैकी बहुतेक गावे पुसली जातील. लिख्टेनश्टाइनने गावे तशीच ठेवली आणि कामे जोडली. उंटरलांडच्या पाचही गावांची पाणीपुरवठ्याची एक संयुक्त संस्था आहे, ओबरलांडच्या गावांनीही पाण्यासाठी अशीच जूट केली आहे, आणि सांडपाण्यासाठी अकराही गावांचा मिळून एक संघ आहे; त्याचे शुद्धीकरण केंद्र बेंडर्नला आहे.