तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरला कुठले स्पीकर लावू?

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मला विचारतंच, की टेबलावर कॉम्प्युटरसमोर बसून गाणी ऐकायचीयेत, गेम वगैरे खेळत नाही, तर कुठले स्पीकर घेऊ. बऱ्याच जणांना फक्त मॉडेलचं नाव हवं असतं. मी मात्र आधी उलट विचारते, टेबल पुढून मागे किती आहे, मागची भिंत किती जवळ आहे आणि तुम्ही जास्त काय ऐकता. उत्तर टाळायचं म्हणून नाही विचारत, खरंच त्यावरच सगळं ठरतं, आणि हे मला एक चुकीचा सेट घेऊन कळलेलं आहे.

माझ्याकडे आधी २.१ सेट होता, दोन पिटुकले डबे टेबलावर आणि एक मोठा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा डबा, पायाशी. दुकानात ऐकला तेव्हा छातीत धडधडलं, लगेच घेऊन टाकला. घरी मी जास्त ख्याल ऐकते, आणि आठवड्याभरात जाणवायला लागलं की तबला काहीतरी वेगळाच वाजतोय. खालचा आवाज भरपूर होता हो, पण डग्ग्यावर मनगट दाबून सरकवतात तेव्हा जो घुमारा वर चढतो ना, तो कुठेच नाही, प्रत्येक थापेला तोच एक धुम्म. बास गिटारची गाणी लावली तर तिथेही तोच धुम्म. पुढे कळलं की अशा खोक्याला स्वतःचा एक आवडता सूर असतो, त्या सुराच्या आसपास काहीही आलं की तो फुगवून वाजवतो, बाकीचे सूर मागे पडतात.

दुसरी गोष्ट याहून वाईट होती, गवयाचा आवाज दोन तुकड्यांत येत होता. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, पुरुषी षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका लहान तितका सूर खालचा). ते पिटुकले डबे तिथपर्यंत धड पोचत नव्हते म्हणून तेवढं काम सबवूफर करत होता, आणि साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळत नाही, पण त्याच्या वर जसजसं जावं तसतसं कळायला लागतं. म्हणजे गाणारा माणूस समोर, आणि त्याच्या आवाजाचा पाया माझ्या पायाशी! तुम्ही कधी २.१ ऐकताना उगाच थकला असाल तर हे एकदा तपासून बघा.

म्हणून माझं पहिलं मत हेच की बजेट ठरलेलं असेल तर ते तीन डब्यांत वाटू नका, दोनच घ्या पण जरा मोठे. चार किंवा पाच इंची वूफर (खालच्या सुरांचा भाग) आणि वेगळा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा भाग) असलेले, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले. असे स्पीकर बहुतेक वेळा ५०-६० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी उतरतात. त्याच काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या जवळपास असते, म्हणजे तीही आली. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, ती पूर्ण येणार नाही, पण त्या सुराच्या वरचे स्वर ऐकू येतात आणि त्यावरून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो, त्यामुळे गाणं अर्धवट वाटत नाही. सबवूफर हवाच असेल तर नंतर जोडता येतो, फक्त तेव्हा त्याला ८० च्या खालचंच काम द्या.

बॉक्सवर लिहिलेल्या आकड्यांपैकी वॉटकडे सगळ्यात कमी बघा. पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर तो सोडूनच द्या, त्याला काही ठरलेलं माप नाही, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, काय आहे ते बघा. आणि तेही किती लागतं? वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तुम्ही स्पीकरपासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर बसणार आहात, तिथे एका वॉटमध्ये सुद्धा आवाज चांगला मोठा होतो. फ्रिक्वेन्सीचा आकडा '५५ ते २०,००० हर्ट्झ' असा नुसताच दिला असेल तर फार विश्वास ठेवू नका, पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असं काही लिहिलेलं असेल, म्हणजे त्या पट्ट्यात आवाज तेवढाच वर-खाली होतो, तर त्याला अर्थ आहे.

आता टेबल. यावर मी जास्त बोलते, कारण महागडे स्पीकर घेऊन ते मॉनिटरच्या मागे अर्धे लपवून ठेवलेले मी खूप ठिकाणी पाहिलेत आणि खरंच वाईट वाटतं. टेबलावरच्या स्पीकरचा आवाज कानाला दोनदा येतो, एकदा सरळ आणि एकदा टेबलावर आपटून. आपटून येणारा थोडा उशिरा पोचतो. समजा त्याला १७ सेंटिमीटर जास्त अंतर कापावं लागलं, तर १००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना मारतात आणि तिथे खड्डा पडतो, आणि माणसाच्या आवाजातला स्पष्टपणा नेमका त्याच भागात असतो. उपाय साधा आहे, स्पीकर उचला. ट्वीटर कानाच्या उंचीला आला पाहिजे, स्टँड घ्या, नाहीतर जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवा, आणि तेही जमत नसेल तर पुढची कड उंच करून तोंड कानाकडे वळवा. स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेजवळ आणले तरी फरक पडतो. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, टेपने मोजा, अंदाजाने नको. मी पहिल्यांदा मोजून लावले तेव्हा तंबोरा एकदम मॉनिटरच्या बरोबर मधोमध, थोडा मागे बसल्यासारखा आला, आणि तेच स्पीकर होते, तीच फाइल होती.

मागच्या भिंतीने बास वाढतो, कोपऱ्यात तर फारच. स्पीकरच्या पाठीला भोक असेल तर त्याला श्वास घ्यायला थोडी जागा सोडा, आणि टेबल भिंतीला चिकटूनच असेल तर शक्यतो पुढे भोक असलेले किंवा पूर्ण बंद डब्याचे बघा. काहींच्या पाठीवर बास कमी करायचं बटण असतं, ते असलेलं बरं. काहीच नसेल तर त्या भोकात फोमचा तुकडा घालून बघा, हा खरोखर चालणारा उपाय आहे.

लहान स्पीकरला कमी समजू नका हेही सांगते. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस ३/५ए नावाचा अगदी छोटा स्पीकर तयार केला, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत जागा नसायची म्हणून. पाच इंचाच्या आसपासचा वूफर, खोल बास नाहीच, पण माणसाचा आवाज इतका खरा की लोक आजही तो जपून ठेवतात. टेबलासाठी मला हाच क्रम पटतो, आधी गळा, मग बाकी सगळं.

ऐकून बघायला जाल तेव्हा स्वतःची दोन गाणी घेऊन जा, हजारदा ऐकलेली. दोन सेटची तुलना करताना आवाज सारखा ठेवा, कारण जरा मोठा वाजणारा नेहमी चांगलाच वाटतो. मग व्हॉल्यूम अगदी कमी करा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज कमी झाला की कानाला खालचे सूर आधी कमी ऐकू येतात, आणि रात्री घरचे झोपल्यावर तुम्ही तसंच हळू ऐकणार आहात, तेव्हा तिथे गाण्याचे शब्द कळतायत का ते बघा. शेवटी गाणं बंद करून नुसते स्पीकर चालू ठेवा आणि जेवढ्या अंतरावर बसणार तिथून ऐका, काहींमधून सतत बारीक 'स्स्स' येत राहतो, लांबून कळत नाही पण टेबलावर फार त्रास देतो.

वेगळा डॅक, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिजिटल आवाजाचा स्पीकरला चालेल असा सिग्नल करणारी डबी, घ्यायचा का, हेही विचारता. आधी नको. कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या पिनमधून बऱ्याचदा ठीकच येतं, माउस हलवला की किरकिर ऐकू येत असेल तर यूएसबीने जोडता येणारे स्पीकर घ्या, त्यात डॅक आतच असतो. आणि घूंऽऽ असा आवाज येत असेल तर कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा, पुष्कळदा तेवढ्याने जातो.

नवीन आणल्यावर पहिले दोन दिवस ते पातळ वाटतील, विशेषतः आधी सबवूफरची सवय असेल तर. लगेच जुन्याकडे जाऊ नका. आठवडाभर रोज ऐका, मग एका संध्याकाळी जुना सेट परत जोडून तीच दोन गाणी लावा आणि ठरवा, फक्त परत करायची मुदत संपायच्या आत.