चिंतामणराव राष्ट्रपती झाले असते तर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तुमच्याआधीही पुष्कळांनी विचारलं आहे. राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस बेळगावात राहतो म्हटल्यावर हा प्रश्न त्याला चुकत नाही. "काय ओ सर, एकोणसत्तर साली चिंतामणराव देशमुख राष्ट्रपती झाले असते तर बेळगाव महाराष्ट्रात गेलं असतं काय?" १ नोव्हेंबरचा काळा दिवस जवळ आला की विचारणारे वाढतात. त्यातले बहुतेक त्या निवडणुकीनंतर जन्मलेले. घरात आजोबांकडून त्यांनी एवढंच ऐकलेलं असतं, की मुंबईसाठी या माणसाने दिल्लीचं अर्थमंत्रिपद सोडलं होतं. ते खरंच आहे. देशमुखांनी १९५६ साली राजीनामा दिला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, त्यामुळे मनात त्यांची गाठ पडून बसली आहे.

माझं उत्तर: नाही, गेलं नसतं. पण ते तिथेच संपवलं तर विचारणारा हिरमुसतो आणि मलाही मजा येत नाही. कारण ती निवडणूकच तशी आहे.

आधी ते दिवस बघा. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन पावसाळे दगा देऊन गेले होते. देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांना गेला. चौथी पंचवार्षिक योजना तीन वर्षं पुढे ढकलावी लागली. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या हातून एकामागून एक राज्यं गेली. १९६९ उजाडेपर्यंत पिकं सावरली होती, पण पैसा कुणाच्या हाती असावा यावर काँग्रेसमध्येच भांडण पेटलं होतं. त्यात ३ मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले.

पुढचे महिने श्वास घ्यायला उसंत न देणारे आहेत. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसची बैठक झाली. तिथे इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरलं. रेड्डींच्या बाजूने मत देणाऱ्यांत आपले यशवंतराव चव्हाणही होते. १६ जुलैला इंदिराबाईंनी मोरारजींकडचं अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला वटहुकूम काढून १४ बँका सरकारी केल्या. त्यावर सही प्रभारी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींची. दुसऱ्याच दिवशी गिरींनी पद सोडलं आणि अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मतं मागायला स्वतंत्र पक्षाकडे आणि जनसंघाकडे गेले. ते निमित्त साधून इंदिराबाईंनी अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत देण्याची हाक दिली. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर त्यांचीच सही होती, ते सोडून द्या.

आणि स्वतंत्र-जनसंघाचा पहिल्या पसंतीचा उमेदवार कोण? तर देशमुख. मला हा सगळा प्रकार नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध करणाऱ्या स्वतंत्र पक्षाने ज्याला पुढे केलं, तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. त्याच्याच कारकिर्दीत, १९४९ साली, रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. तो अर्थमंत्री असताना १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. असा माणूस त्या वटहुकुमाविरुद्ध तत्त्व म्हणून उभा राहिला असता, हे मला पटत नाही. नुकसानभरपाईचा हिशेब मात्र त्याने नक्की मागितला असता. पुढे १० फेब्रुवारी १९७० ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, त्यातलं एक मोठं कारण भरपाईचंच होतं.

आता आकडे. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतं पडली. निवडून यायला लागणारा मतांचा कोटा कुणालाच गाठता आला नाही म्हणून दुसऱ्या पसंतीची मतं मोजली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०. खासदाराच्या एका मताचं मूल्य तेव्हा ५७६ होतं. म्हणजे गिरींकडे गेलेल्या खासदारांपैकी फक्त १३ जणांनी रेड्डींना वर ठेवलं असतं, तर रेड्डी ३२६ मतांनी राष्ट्रपती झाले असते. हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वही काढायची.

देशमुखांचं तसं नाही. ते दुसऱ्या क्रमांकापासूनच दोन लाखांनी मागे होते. तेरा खासदार इकडचे तिकडे करून त्यांना निवडून आणता येत नाही. त्यासाठी थेट बंगळूरच्या बैठकीपर्यंत मागे जावं लागतं. समजा, तिथे दोन्ही गट थकले आणि कुणीतरी म्हणालं, देशाचा पैसा समजणारा, कुठल्याच गटात नसलेला माणूस देऊ. अडचणीच्या काळात असा विचार अगदीच अशक्य नव्हता. देशमुख काँग्रेसतर्फे उभे राहतात, आरामात निवडून येतात, पक्ष निदान तेव्हा तरी फुटत नाही. १९७० च्या सप्टेंबरमध्ये तनखे रद्द करण्याचं विधेयक राज्यसभेत पडल्यावर संस्थानिकांची मान्यताच काढून घेणारा हुकूम राष्ट्रपती भवनात येतो. गिरींनी त्यावर सही केली आणि डिसेंबरात न्यायालयाने तो रद्द ठरवला. देशमुखांनी तो कागद प्रश्न लिहून परत पाठवला असता, असं मला वाटतं. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे, हे कलम ७४ मध्ये तेव्हा लिहिलेलं नव्हतं. ते १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलं. म्हणजे ताठ कण्याच्या माणसाला थोडी जागा होती.

पण ती जागा नकाराची, सीमा सरकवण्याची नव्हे. राज्याची हद्द बदलायची तर कलम ३ प्रमाणे संसदेत विधेयक लागतं. ते राष्ट्रपतीच्या शिफारशीनेच मांडता येतं हे खरं, पण ते आणायचं सरकारने. सरकारच्या मनात नसेल तर राष्ट्रपती कशाची शिफारस करणार? सीमाभागातला माणूस राष्ट्रपतीच्या खुर्चीत बसूनही गेला आहे. बी. डी. जत्ती जमखंडी तालुक्यातले, कोल्हापुरात शिकलेले. १९७७ साली ते काही महिने प्रभारी राष्ट्रपती होते. तेव्हा इथला एकही मैलाचा दगड हलला नाही. (मराठीच्या बाजूने हलायचं कारणही नव्हतं, ते म्हैसूरचे मुख्यमंत्री राहिलेले.)

रेड्डी जिंकते तर काय, हे मात्र कल्पनेवर सोडायची गरज नाही. १९७७ साली ते बिनविरोध राष्ट्रपती झालेच. १९७९ मध्ये चरणसिंगांनी लोकसभेला तोंड न देताच राजीनामा दिला, तेव्हा रेड्डींनी जगजीवनराम यांना संधी न देता लोकसभा बरखास्त केली. हे गृहस्थ १९६९ पासून तिथे असते तर इंदिराबाईंना प्रत्येक वटहुकुमाला घाम फुटला असता. आणि आपल्यासाठी? रेड्डी जिंकले म्हणजे निजलिंगप्पा जिंकले. म्हैसूरचे मुख्यमंत्री असताना सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल उचलून धरणारे हेच ते. बेळगाव म्हैसूरकडेच राहावं, असं त्या अहवालाने म्हटलं होतं. म्हणजे जे प्रत्यक्षात घडलं, तेच सीमाभागाच्या दृष्टीने सोयीचं होतं.

खरी मेख इथे आहे. विचारणाऱ्यांना जी अनुकूल परिस्थिती कल्पनेत हवी असते, ती आपल्याला मिळून गेली आहे. काँग्रेस फुटल्यावर निजलिंगप्पा दिल्लीच्या विरोधात गेले आणि म्हैसूरचं सरकारही त्यांच्याबरोबर गेलं. यशवंतराव आणि महाराष्ट्राचं सरकार इंदिराबाईंकडे राहिलं. मार्च १९७१ ते मार्च १९७२ हे अख्खं वर्ष म्हैसूर राज्यात राष्ट्रपती राजवट होती. बंगळूरला मुख्यमंत्री नाही, कारभार दिल्लीचा, सही गिरींची. कलम ३ प्रमाणे विधानसभेचं मत मागवावं लागतं, ते बंधनकारक मात्र नसतं. याहून मोकळं मैदान कुठला देशमुख देणार होता?

तरी काही झालं नाही, कारण १९७१ च्या लोकसभेत इंदिराबाईंना म्हैसूरमध्ये २७ पैकी २७ जागा मिळाल्या. महाराष्ट्रातही ४५ पैकी ४२. दोन्ही घरं भरलेली असताना मधली भिंत हलवायला कोण जातो?

म्हणून मला एखादी निवडणूक बदलायची मुभा असेल तर मी राष्ट्रपतीची घेणार नाही, १९७१ ची लोकसभा घेईन. निजलिंगप्पांच्या काँग्रेसने म्हैसूरच्या निम्म्या जागा राखल्या, असं धरेन. मग तिथे गमावण्यासारखं कमी असल्याने दिल्लीने निदान निपाणी-खानापूरचा विषय तरी काढला असता, असा माझा तर्क. आमच्या टिळकवाडीतल्या एका मित्राला हे साफ नामंजूर आहे. तो म्हणतो, "निम्म्या जागा गेल्या असत्या तर उरलेल्या मिळवायला बाईंनी म्हैसूरला अजून गोंजारलं असतं की ओ!" त्याच्या म्हणण्यात दम आहे, पण १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रालाही गोंजारावं लागलंच असतं, हे तो धरत नाही. यावर आमचं अजून जमलेलं नाही.