गुडघाभर समुद्र

२०१६ च्या डिसेंबरअखेर आईला घेऊन केरळला गेलो, तेव्हा नोटाबंदी ऐन भरात होती. मुन्नारचे मळे एटीएमच्या रांगेतून पाहिले. अलेप्पीची हाऊसबोट महागडी आणि कंटाळवाणी. लिहायचंय ते फोर्ट कोचीच्या ॲस्पिनवॉल हाऊसबद्दल.

१८६७ मध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याने इथे मिरी, सुंठ, काथ्या, खोबरेल परदेशी धाडायची पेढी घातली. तिथे तेव्हा कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, भरलं होतं. त्या वर्षीचे क्युरेटर मुंबईचे सुदर्शन शेट्टी. त्यांनी कवींनाही जागा दिली होती. स्लोव्हेनियाच्या आलेश श्टेगरने शेणामातीचा पिरॅमिडच उभा केला होता. आत मिट्ट काळोख आणि देशोधडीला लागलेल्या कवींचे शब्द. आई बाहेरूनच भिंत निरखून म्हणाली, "शेण कमी पडलंय, पोपडे सुटणार." जन्मभर अंगण सारवलेल्या बाईपुढे काय बोलणार!

मग राऊल झुरिता. चिलीचा कवी, १९७३ च्या लष्करी उठावानंतर जहाजाच्या तळाशी डांबला गेलेला. इथे दारात चपला काढायच्या, पँट दुमडायची आणि पाण्यात उतरायचं. अख्ख्या गोदामात समुद्राचं पाणी, कोमट, गढूळ, कुठे पोटरीला तर कुठे गुडघ्याला. भिंतींवरच्या कापडांवर इंग्रजीत प्रश्न: ऐकू येत नाही का? दिसत नाही का? पाण्यात झपझप चालता येत नाही, त्यामुळे पुढच्या कापडापाशी पोचेपर्यंत मागचा प्रश्न सोडत नाही. नुसत्या पाण्याने माणसाकडून असं वाचून घेता येतं, हे मला फार आवडलं.

शेवटच्या भिंतीवर गालिप कुर्दी. २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या आलान या सीरियन निर्वासित मुलाचा फोटो साऱ्या जगाने पाहिला. त्याच नावेत बुडालेला त्याचा पाच वर्षांचा भाऊ हा. त्याचा फोटो नाही, असं झुरिता लिहितो, आणि मी बाप नसलो तरी तो माझा मुलगा आहे म्हणतो. मी आईला मराठीत सांगत होतो. साडी मुठीत धरून तिने विचारलं, "आणि ह्यांची आई?"

"तीही बुडाली."

मागे एका टोळक्याचं पाणी उडवत व्हिडिओ काढणं चाललं होतं. जरा हळू म्हटलं, तर उत्तर आलं, "टिकट हमने भी लिया है." शंभर रुपयांत जणू ते पाणीच विकत घेतलं होतं! शेवटी आईच वळली. "ए बाबा, इधर लेकरू मर गया है."

त्यातल्या एकाने फोन खिशात टाकला आणि भिंतीकडे वळून वाचायला लागला. बाकीचे खिदळत बाहेर पडले. आम्ही दाराशी पाय पुसत असताना तेच पुन्हा आत शिरले. मघाचा व्हिडिओ म्हणे हलला होता.