तीन नंबर बेड

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी बाबांना खानापूरहून बेळगावला आणलं. ॲडमिट करताना रक्त काढलं. फॉर्म कानडीत. सिस्टर म्हणाली, "इल्ली सही माडी," बाबांनी मराठीत सही ठोकली. रक्तात काय काय बघणार हे कुणी सांगितलं नाही. मला कानडी वाचता येतं, तरी मीही वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून बाबा उपाशीपोटी तयार. नंबर मात्र शेवटचा. का, ते वॉर्डबॉयनं दारातूनच ओरडून सांगितलं, "तीन नंबर बेड, सी पॉझिटिव्ह!" शेजारच्या आजीबाईंनी पडदा ओढून घेतला. फाइलवर लाल मार्करनं फुली. अहो, ग्लोव्हज आणि सुयांची काळजी प्रत्येक पेशंटला तेवढीच घ्यायची असते ना? ज्याची तपासणीच झाली नाही, त्याचं काय?

संध्याकाळी ऑपरेशन झालं, नीट झालं. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ही तपासणी अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जे बनवतं त्याची. हिपॅटायटिस सीचा, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू कधीतरी अंगात शिरला होता एवढंच तिच्यावरून कळतं. काहींचं शरीर त्याला आपणच हाकलतं. आज तो आहे का, ते आरएनए तपासणीत, म्हणजे खुद्द विषाणू शोधणाऱ्या तपासणीत दिसतं. बाबांच्या रक्तात तो होता.

आला कुठून? बाबांना आठवला तो गावातला कंपाउंडर. स्टोव्हवर पत्र्याच्या डबीत काचेची सिरिंज उकळायची, आणि रांगेतल्या सगळ्यांना तीच सुई. विषाणूचा शोधच 1989चा, तेव्हा कुणाला काय ठाऊक! तिथूनच आला असं छातीठोक कोण सांगणार म्हणा.

घरी आईनं बाबांचं ताट-तांब्या वेगळा काढला. जेवणातून हे पसरत नाही, रक्तातून पसरतं. दाढीचं ब्लेड तेवढं वेगळं ठेव, असं मी दहादा सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे की."

औषध म्हणजे सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटासव्हिर या गोळ्या, रोज घ्यायच्या, 84 दिवस. 2018पासूनच्या सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळाल्या. बाबा कॅलेंडरवर रोज एक तारीख खोडत. गोळ्या संपल्या, आता विषाणू गेला का ते बघायला बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला द्यायचंय.

ताट मात्र पंधरा दिवसांतच मांडणीत परत आलं. नंदगडहून पाहुणे आले, आणि ताटं कमी पडली.