गवसणीतली पेटी

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. "बाई, मुलाला एखादं वाद्य शिकवायचंय. सगळ्यात सोपं कुठलं?" बावीस वर्षं डोंबिवलीत पेटीच्या शिकवण्या घेतेय, पण या प्रश्नाला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. मी उलट विचारते, वाद्य घरात ठेवणार कुठे? परवा एक बाबा म्हणाले, "माळ्यावर जागा आहे की भरपूर." म्हटलं, झालं. हे पोर दिवाळीपर्यंतच येणार.

गवसणी म्हणजे वाद्याची खोळ, पण शब्द मोठा रुबाबदार, थेट आकाशाला घालतात. पेटीला घातली की मात्र पेटी संपली. माळ्यावरून उतरवा, गवसणी काढा, झाकण उघडा, भात्याच्या कड्या सोडा. एवढं होईपर्यंत सात वर्षांचं पोर खाली खेळायला पळालेलं असतं. माझी पेटी दिवाणखान्यात उघड्यावरच असते, वर एक जुनं सुती लुगडं. रात्री तेवढी गवसणी घालते, कारण उंदरांना भाता फार आवडतो. एकदा तर एक सूर अचानक मुका झाला. उघडून पाहिलं तर आत झुरळ.

लहान मुलांसाठी पेटी मला बरी वाटते याचं कारण सरळ आहे: पट्टी दाबली की सूर येतो, शोधावा लागत नाही. गाण्यातल्या जाणत्यांचा पेटीवर हाच तर राग होता. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, दाखवता येत नाहीत. 1940 साली रेडिओवर तिला बंदी झाली, ती 1971 मध्ये उठायला सुरुवात झाली. गोविंदराव टेंब्यांनी गाजवलेलं वाद्य ते! पण तयार सूर मिळणं सहा-सात वर्षांच्या मुलाला वरदानच आहे. कान तयार होईपर्यंत बेसूर व्हायोलिन ऐकायचा धीर किती घरांत असतो? शिवाय व्हायोलिन मुलाच्या मापाचं घ्यावं लागतं. पाव, अर्धं, पाऊण करत, चपलांसारखं बदलत जायचं.

पेटीची अडचण डाव्या हाताची. मुलं भाता सायकलला हवा भरल्यासारखा मारतात. म्हणून पहिले काही आठवडे मी फक्त षड्ज, म्हणजे सा, धरायला लावते, लांब, न हलता. आयांना ते सहन होत नाही. "महिना झाला, अजून एकही गाणं नाही?" दुसरा प्रश्न परीक्षेचा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक कधी, प्रवेशिका कधी, दहावीला वाढीव गुण मिळतील ना. मिळतात, पण पहिलीतल्या मुलाला आत्ता पाटावर मांडी घालून वीस मिनिटं बसता आलं तरी पुष्कळ.

कीबोर्ड घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवत नाही. भिंती पातळ असलेल्या इमारतीत हेडफोनची सोय मोठी आहे. फक्त वाढदिवसाला आलेला, चिमुकल्या पट्ट्यांचा नको. त्यावर बोटांना खोटी मापं लागतात. आणि तालाचं बटण मी चिकटपट्टीने बंद करते. ते सापडलं की वाजवणं थांबतं आणि नाच सुरू होतो.

बासरीसाठी जत्रेतली आणू नका, ती कुठल्याच पट्टीत नसते. लांब, खर्जातलीही नको, बोटं भोकांपर्यंत पोचत नाहीत. अलीकडे युकुलेलेचं पीक आलंय. आधी नाक मुरडलं होतं मी. पण चार नायलॉनच्या तारा, गिटारसारखी बोटं सोलत नाहीत, आणि मुख्य म्हणजे खिळ्याला टांगून ठेवता येतं. जाता-येता हात जातो.

माझ्या नणंदेचा मुलगा आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत मृदंग, म्हणजे पखवाज, शिकतो. सुट्टीत आला तो थेट स्वयंपाकघरात, "मामी, कणीक दे." डाव्या तोंडाला ती थापली आणि असा काही घुमला तो पखवाज, की माझ्या वर्गातली झाडून सगळी पोरं पेटी सोडून कणकेभोवती. त्या आठवड्यात सगळ्यांना पखवाजच शिकायचा होता.

सातवीतला एक मुलगा असाच दोन वर्षं माझ्याकडे येत होता. सूर कच्चे, पण दुसऱ्याची पाळी असली की याची बोटं पाटावर चालायची. तीही लयीत, समेवर बरोब्बर. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. विद्यार्थी सोडवत नाही, खरं सांगते. शेवटी त्याच्या आईला म्हटलं, याला तबल्याला घाला, आणि विकत घेताना गुरुजींना बरोबर न्या. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, तबला उतरतो. हातोडी कुठे मारायची हे मुलाला कळायला बरीच वर्षं जातात.

परवा त्याची आजी भाजी घेताना भेटली. माझ्यावर चिडलेलीच. तबला-डग्गा टीव्हीसमोर मांडलेला असतो म्हणे, केर काढताना रोज उचलावा लागतो.