पंचवीस सीसीची सायकल आणि ‘नोंदणी लागत नाही’ हे लिहून न देणारे कार्यालय

जुन्या धाटणीची मोटार बसवलेली सायकल स्वतःच्या हाताने बांधायची असेल, तर सर्वांत अवघड भाग कोणता, असे मला अनेक जण विचारतात. इंजिन, साखळी किंवा टाकी असे उत्तर त्यांना अपेक्षित असते. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी पैसे, वेळ आणि एक चांगला टर्नर एवढ्यावर सुटतात. या वाहनाला नोंदणी लागत नाही, हे सरकारी कार्यालयाकडून कागदावर मिळवणे हा भाग मात्र असा सुटत नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आधी सायकलीविषयी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९१० च्या सुमारास लाकडी फळ्यांच्या गोल धावपट्ट्यांवर ज्या मोटारसायकली पळत, त्यांचे रूप मला हवे होते. वरच्या दांडीखाली लटकणारी निमुळती टाकी, खाली वळलेले हँडल, स्प्रिंगची चामडी सीट आणि मडगार्ड अजिबात नाही, असे ते रूप. त्यासाठी पुण्याच्या जुन्या बाजारातून २८ इंची चाकांची, डबल बारची जेंट्स सायकल घेतली. दोन दांड्यांच्या मधल्या फटीत पत्र्याची टाकी अशी बसते की जणू तिच्यासाठीच ती जागा ठेवली होती. लेथचे सारे काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतले. तिथल्या मिस्त्रींनी चित्र पाहून पहिला प्रश्न विचारला, “ब्रेक कुठला लावणार?” हा माणूस कामाचा आहे, हे मला तिथेच कळले.

इंजिनाची निवड कायद्याने करायला लावली. बाजारात सायकलला बसवायचे जे टू-स्ट्रोक किट मिळते, ते ४८ सीसीचे असते किंवा ‘८० सीसी’ म्हणून विकले जाणारे, प्रत्यक्षात ६६ सीसीच्या आसपासचे असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातून चारपेक्षा कमी चाकांचे आणि पंचवीस घन सेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमता नसलेल्या इंजिनाचे वाहन वगळले आहे. त्याच्या वर गेलात की ते मोटार वाहन ठरते, आणि घरी बांधलेल्या एका नगाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नमुन्याच्या चाचणीची मान्यता मिळवून त्याची नोंदणी करणे हे सामान्य माणसाच्या आवाक्यातले काम नाही. म्हणून मी गवत कापायच्या यंत्रावर येणारे होंडा जीएक्स२५ हे फोर-स्ट्रोक इंजिन घेतले. ते जेमतेम तीन किलोचे असून मिनिटाला सात हजार फेऱ्यांना सुमारे एक अश्वशक्ती देते आणि त्याला ८० मिलिलिटर तेल पुरते. याच कंपनीच्या संस्थापकाने १९४६ मध्ये हमामात्सु येथे लष्कराच्या बिनतारी संचांच्या जनित्रांची उरलेली छोटी इंजिने सायकलींना बसवून धंदा सुरू केला होता, त्यामुळे गवत कापणारे इंजिन सायकलला लावण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आता कार्यालय. नोंदणी लागत नाही तर कार्यालयात जायचेच कशाला, असे आमच्या घरातूनही विचारले गेले. कारण सरळ आहे. नाक्यावर हवालदार कागद मागतो, तेव्हा त्याला कलम तोंडपाठ म्हणून दाखवण्यात अर्थ नसतो. कागदाला उत्तर कागदानेच द्यावे लागते.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या परिवहन कार्यालयात खिडक्यांवर पाट्या आहेत: नवीन नोंदणी, हस्तांतरण, कर्जबोजा, लायसन्स. ‘नोंदणी नको’ अशी खिडकी कुठेच नाही, आणि पुढची सगळी कथा या एका अभावातून निघते. पहिल्या खिडकीवरील बाईंनी विचारले, “बॅटरीची आहे का?” मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग लागते.” २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या विजेच्या सायकलींना सूट आहे, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. ती सूट नियमांत आहे, तिला मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी लागते, आणि पेट्रोलची सूट मात्र थेट अधिनियमाच्या व्याख्येत बसलेली आहे, हे ऐकून घ्यायला त्या रांगेत कुणालाच सवड नव्हती.

दुसऱ्या टेबलवर मला सोळा वर्षांच्या मुलांचे लायसन्स दाखवण्यात आले. कलम ४ प्रमाणे सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवता येते, तेव्हा “पन्नासच्या आतले सगळे यातच येते” असा तिथल्या लिपिकांचा ठाम सिद्धांत होता. मी त्यांना सांगितले की, लायसन्सचे कलम ३, नोंदणीचे कलम ३९ आणि विम्याचे कलम १४६ ही तिन्ही मोटार वाहनाविषयी बोलतात, आणि जे मोटार वाहनच नाही, त्याला यातले काहीच लागू होत नाही. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मला ‘साहेबांना’ भेटायला सांगितले. साहेब त्या दिवशी मीटिंगला होते, पुढच्या वेळी शिबिराला होते, आणि त्याच्या पुढच्या वेळी होते, पण सर्व्हर बंद होता. साहेबांना भेटण्यासाठी सर्व्हर का लागतो, हे मी विचारले नाही.

अखेर एका मोटार वाहन निरीक्षकांनी अर्ज वाचला. गृहस्थ अभियांत्रिकी शिकलेले होते आणि खरोखर रस घेऊन बोलत होते, हे मान्य करायला हवे. इंजिनाच्या माहितीपत्रकावर त्यांचे बोट दोन आकड्यांपाशी थांबले: बोअर (सिलिंडरचा व्यास) ३५ मिलिमीटर, स्ट्रोक (दट्ट्याची चाल) २६ मिलिमीटर. त्यांनी मोबाइलवर हिशेब केला, पुन्हा एकदा केला, आणि पडदा माझ्याकडे वळवला. तिथे २५.०१५ हा आकडा होता.

“कायदा काय म्हणतो? पंचवीसपेक्षा जास्त नाही.”

मी म्हटले, “साहेब, उत्पादकाने अधिकृत क्षमता २५ घन सेंटिमीटर अशी छापली आहे. शंभर सीसीची म्हणून विकली जाणारी मोटारसायकल तुम्ही अशीच मोजून पाहता का?” शंभरच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक गाड्या मोजल्यावर ९७ भरतात, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. त्यावर ते हसले. “चालवा हो तुम्ही, कोण अडवतंय? फक्त लिहून मागू नका.”

या एका वाक्यापाशी माझा अर्ज अडकून पडला. आवक शिक्क्याची पोच माझ्याकडे होती, पण अर्जाचे उत्तर येईना. विचारायला गेलो की ‘प्रक्रियेत आहे’ असे सांगत. नकार दिला असता तर त्याविरुद्ध दाद मागता आली असती आणि होकार दिला असता तर प्रश्नच नव्हता, पण काहीच न देणे ही जी तिसरी अवस्था आहे, तिच्याविरुद्ध नेमके कुठे जायचे हे समजेपर्यंत इंजिन माझ्या घरी फडक्यात गुंडाळून पडले होते आणि येणारा प्रत्येक पाहुणा “काय मग, निघाली का गाडी?” असे विचारत होता.

मार्ग निघाला तो माहिती अधिकाराने, आणि तोही सरळ नाही. महाराष्ट्रात हा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा. जन माहिती अधिकाऱ्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात आणि आमच्याकडे ते पुरेपूर वापरले जातात. ‘अशा सायकलीला नोंदणी लागते काय?’ या प्रश्नाला उत्तर आले की, विचारलेली बाब कलम २(च) मधील माहितीच्या व्याख्येत येत नाही, कारण कार्यालयाने मत देणे अपेक्षित नाही. व्याख्येवर बोट ठेवून मी जे भांडण मांडले होते, ते त्यांनी दुसऱ्याच कायद्याच्या व्याख्येवर बोट ठेवून परतवले. चीड आली, पण डावाची दादही द्यावीशी वाटली.

मग मत मागणे सोडून अभिलेख मागितला. गेल्या पाच वर्षांत पंचवीस सीसी किंवा त्याहून कमी क्षमतेच्या इंजिनाच्या किती दुचाकींची या कार्यालयात नोंदणी झाली, आणि अशी नोंदणी बंधनकारक करणारे परिपत्रक किंवा आदेश उपलब्ध असल्यास त्याची प्रत, एवढेच विचारले. उत्तराच्या तक्त्यात दोन ओळी होत्या. पहिल्या मुद्द्यासमोर लिहिले होते ‘निरंक’, म्हणजे काहीच नाही, आणि दुसऱ्यासमोरही ‘निरंक’. खाली सही आणि गोल शिक्का होता. एवढ्या खटाटोपानंतर त्या दोन निरंकांनी मला जो आनंद दिला, तो इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हाही झाला नव्हता. ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांनी पहिल्याच अर्जात प्रश्नचिन्ह टाळावे आणि फक्त कागद, संख्या आणि प्रती मागाव्यात. मुदतीत उत्तर आले नाही, तर प्रथम अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये, वीस रुपयांच्या स्टॅम्पसह होते.

हे पत्र म्हणजे परवाना नव्हे, हे मी जाणतो. पण त्याची प्रत, कलम २(२८) चा उतारा, इंजिनाचे बिल आणि माहितीपत्रक अशी चार पाने प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी सीटखालच्या अवजारांच्या पिशवीत ठेवतो, आणि नाक्यावर आजवर तेवढ्यावर भागले आहे. २५.०१५ चा वाद ज्यांना मुळातच नको असेल, त्यांनी झुडपे छाटायच्या यंत्रावरचे २२-२३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन घ्यावे. धूर आणि तेल मिसळण्याची कटकट सोसावी लागेल. आणि विमा लागत नाही याचा अर्थ कुणाला धडक बसली तर भरपाई आपल्या खिशातून, असा होतो, हे विसरू नये.

बांधणीतल्या काही गोष्टी राहिल्या. सात हजार फेऱ्यांचे इंजिन आणि सव्वादोन मीटर घेराचे चाक यांचा मेळ ताशी २५ किलोमीटरला बसवायचा, तर एकूण घट सदतीस-अडतीसला एक हवी, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्या फेऱ्यांत चाकाची एक फेरी. मी पहिल्या टप्प्यात टायमिंग बेल्टने चारास एक, मग १२ दात्यांवरून ३६ वर आणि शेवटी १४ वरून ४४ वर अशी तीन टप्प्यांत ती साधली. दोन टप्प्यांत करू पाहणाऱ्यांची सायकल सपाटीवर चाळिसाला पोचते आणि पहिल्याच चढावर मान टाकते.

मिस्त्रींचा ब्रेकचा प्रश्न अगदी योग्य होता. जुन्या सायकलचे रॉड ब्रेक पावसात लोखंडी रिमवर केवळ हात फिरवतात. पुढच्या चाकाला मोपेडचा ड्रम ब्रेक बसवावा, मात्र आपल्या जुन्या सायकलींच्या पुढच्या रिमला ३२ आणि मागच्या रिमला ४० छिद्रे असतात आणि मला मिळालेले हब (चाकाचा मधला तुंबा) ३६ छिद्रांचे निघाले, म्हणून रिम वेगळी घेऊन चाक नव्याने बांधावे लागले. आरे भरून झाल्यावर आउट काढायला, म्हणजे चाक डुगडुगता सरळ फिरेल असे करायला, अनुभवी सायकलवालाच गाठावा. फ्रेमवर कुठेही आर्क वेल्डिंग करू देऊ नये. या फ्रेमचे सांधे पितळी जोडाचे असतात आणि नळी पातळ असते, म्हणून इंजिनाचे सगळे आधार मी पट्ट्या आणि नटबोल्टांनी आवळले आहेत.

टाकी करून घेताना पत्रेवाल्याला दोन नळ्या सांगाव्यात, कारण या इंजिनाच्या कार्ब्युरेटरला पेट्रोल नेणारी एक आणि उरलेले टाकीत परत आणणारी एक अशा दोन लागतात. आणि टाकी रंगवण्यापूर्वी तिच्यात पाणी भरून ती रात्रभर टांगून ठेवावी; रंग चढल्यावर गळती सापडली, तर ती झाळून बुजवण्यासाठी तो सगळा खरवडावा लागतो.