‘आधी सिलॅबस संपू दे, मग लिहीन’

यूपीएससी मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी ३ तास, २० प्रश्न, २५० गुण असतात. १० प्रश्न १० गुणांचे, १० प्रश्न १५ गुणांचे. एकाला ७ आणि दुसऱ्याला ११ मिनिटं धरली की १८० मिनिटं संपली. आता १० गुणांचं प्रत्येक उत्तर मनासारखं व्हावं म्हणून १० मिनिटं घेतली, तर उरतात ८०. त्यात १५ गुणांचे ७ प्रश्न बसतात आणि ३ कोरे राहतात. ४५ गुण तिथेच गेले. घासूनपुसून लिहिलेल्या उत्तराला फार तर अर्धा-एक गुण जास्त मिळतो.

राज्यसेवा मुख्यही २०२५पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे हे आता एमपीएससीवाल्यांनाही लागू आहे.

प्रत्येक उत्तर मनासारखंच व्हावं हा हट्ट परीक्षेच्या दिवशी उगवत नाही. त्याच नोट्स तिसऱ्यांदा सुवाच्य अक्षरात उतरवणं, टेस्ट सिरीजचा पेपर ‘तयारी झाल्यावर’साठी ठेवून देणं, ही त्याचीच रूपं. दिसायला ती मेहनत असते, म्हणून कोणी हटकत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतावादाचे तीन पैलू मांडले: स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, इतरांकडून तीच अपेक्षा, आणि लोकांना आपल्याकडून ती आहे ही भावना. घरून पैसे मागवून पुण्यात अभ्यास करणाऱ्यांना हा तिसराच जास्त छळतो, असं मला वाटतं.

अर्ध्या सिलॅबसवरच रोज एक उत्तर लिहायला घ्या. टायमर ७ मिनिटांचा. पहिलं मिनिट ‘चर्चा करा’ आहे की ‘परीक्षण करा’ हे पाहून मुद्दे टिपायला, पाच लिहायला, शेवटचं समारोपाला. टायमर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. हे सुरुवातीला फार बोचतं, पण ते उत्तर फाडायचं नाही आणि पुन्हा उतरवायचंही नाही. तपासायला देण्याआधी आपल्याला किती गुण मिळतील याचा अंदाज वहीत लिहा. तपासून आलं की खरे गुण शेजारी मांडा. ‘इतकं वाईट नसतं’ हे कोणी सांगून पटत नाही, स्वतःच्या वहीतले आकडे पाहून पटू लागतं.

बहुतेकांचं गाडं अडतं ते एक दिवस चुकल्यावर: ‘आता सोमवारपासून नीट सुरू करू.’ तसं करू नका. दुसऱ्या दिवशी एकच उत्तर लिहा, राहिलेलं भरून काढायला दोन नकोत. आणि झोप उडाली असेल, वही उघडतानाच छाती धडधडत असेल, तर सरावाने भागणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलता येतं.